धुवणाची वाटी

आमच्या गावाचं नशीब तांब्याच्या दोन वाट्यांत असे, आणि त्या वाट्या भरायचं काम सात-आठ वर्षं माझ्याकडे होतं. हे मी फुशारकीने सांगत नाही. लाज वाटते म्हणूनही सांगत नाही. झालं ते असं झालं, एवढंच.

माझे वडील गावचे गुरव. मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जाताना एक पायवाट डोंगराला चढते, तिच्या टोकाला आमचं गाव आणि गावाच्या टोकाला देवीचं ठेंगणं दगडी देऊळ. देवी म्हणजे कमरेएवढी शेंदूर माखलेली शिळा. तिला डोळे आणि खांदे तेवढे कोरलेले. कुणाला काही ठरवायचं असलं, म्हणजे विहीर खणायची, मुलगी द्यायची, बैल घ्यायचा, की तो माणूस देवीला कौल लावायला येई. मंगळवार आणि शुक्रवार हे कौलाचे वार. आबा, म्हणजे माझे वडील, तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवत. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी आधी पडली तर नकार. दोन्ही पडल्याच नाहीत, तर देवी बोलली नाही असं समजून पुढच्या वारी पुन्हा यायचं. पण तसं कधी होत नसे.

ते का होत नसे हे मला पंधराव्या वर्षी कळलं. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि चूल माझ्याकडे आली होती. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. एका पहाटे ते चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बाय, हे आता तुला शिकून घ्यावं लागंल. मला वाटीतलं दिसत न्हाई."

एका वाटीत साधं पाणी, दुसरीत तांदळाचं धुवण आणि त्यात चमचाभर पेज कालवलेली. साध्या पाण्यातली कळी पान खाऊन होईस्तोवर पडते. धुवणातली चिकटून बसते. गाभाऱ्यात अंधार, तांब्याची वाटी काळवंडलेली, कुणाला काही दिसायचं नाही. होकार द्यायचा असला की उजव्या हाताच्या वाटीत साधं पाणी, नकार असला की डाव्या हाताच्या. आबा फक्त उजवी कळी उजव्या वाटीत आणि डावी डाव्या वाटीत बुडवणार. मी वाट्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचं.

मी विचारलं, "म्हंजी देवी काय सांगत न्हाई?"

आबांना राग आला नाही. ते म्हणाले, "देवी मला सांगती. म्या कळ्यांला सांगतो."

मला धक्काबिक्का बसला नाही. घरात पीठ संपलं आहे हे कळावं तसं ते मला कळलं. महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसे तेव्हा वाट्यांना शिवायची सोय नव्हती. त्या दिवसांत आबा लोकांना सांगत, देवीला आज विचारू नका. लोक माना डोलवून परत जात. गावाची एवढी मोठी देवी माझ्यापायी गप्प बसते आहे, याचं पहिल्यांदा हसू आलं. पुढे त्याचीही सवय झाली.

आबा लबाड नव्हते, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. कौल लावणाऱ्याने आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन प्रश्न सांगायचा अशी रीत त्यांनीच पाडली होती. मग ते त्याला विचारत बसत. तीन भाऊ विहिरीचं विचारायला आले, तेव्हा आबांनी पाण्याचं काहीच विचारलं नाही. पहारी किती आहेत, शेवटल्या, म्हणजे लोहाराकडून टोकं काढून आणल्या आहेत का, सोल, म्हणजे विहिरीचा जाड दोर, तयार आहे का, पावसाच्या आत तिघांचे हात मोकळे आहेत का, एवढंच विचारलं. पहारी शेवटून झाल्या होत्या. सोल वळून झाला होता. आबा मला पहाटे म्हणाले, "उजवा." ते भाऊ खणायला लागले आणि दोन पुरुष खोलीवर काळा पाषाण लागला. दुसरा कुणी असता तर बुजवून मोकळा झाला असता. पण देवीने उजवा दिला आहे म्हणून त्यांनी तो उन्हाळा खणलं आणि पुढचाही उन्हाळा खणलं. पाणी लागलं. गाव म्हणालं, काय नशीब बघा.

वरच्या वाडीचा एक धनगर मेंढरं लवकर घाटाखाली उतरवू का म्हणून आला. सोबतीला कुणी नाही, कोकरं आठ दिवसांची. आबांनी त्याला डावा दिला. तो तोंड वाकडं करून गेला, आणि पंधरवड्याने भावकीबरोबर उतरला. वाटेत काहीच झालं नाही. काही झालं नाही याचंही श्रेय त्याने देवीला दिलं आणि नारळ वाढवून गेला.

असं पाहत पाहत मला एक कळलं होतं. लोक आपलं नशीब घरूनच करून आणतात. पहारी शेवटतात, सोल वळतात, आणि मग कुणीतरी जा म्हणावं म्हणून थांबतात. आम्ही फक्त जा म्हणत होतो. तेवढं मात्र लागे. त्याच्यावाचून कितीतरी शेवटलेल्या पहारी भिंतीला गंजत पडतात.

माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. आबांना मुलगा नव्हता, म्हणून कामथडीचा मुलगा घरजावई करून आणला. कामथडी सडकेवरचं गाव. मालक लहानपणी सडकेच्या कडेला उभे राहून नुसत्या आवाजावरून मोटार ओळखत, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आमच्याकडे वर कसलाच आवाज नाही. सासऱ्याची घंटा वाजवतो म्हणून गावातले लोक त्यांची थट्टा करत, आणि ते ऐकून घेत. पूजा नीट करत. देवीच्या अंगावरचा जुना शेंदूर त्यांनी खरवडून काढला आणि नवा लावला, तेव्हा आबांनीही हाताने चाचपून मान डोलावली. माणूस चांगला होता. आमचं बोलणं कमी. एक मूल झालं, ते नऊ दिवस जगलं. त्यानंतर बोलणं आणखी कमी झालं, पण भांडण असं कधी नव्हतं.

साहेबाची जर्मनशी लढाई सुरू होऊन वर्ष झालं असेल. मालक तेल आणायला नसरापूरच्या बाजाराला गेले आणि छाती मोजून घेऊन आले. भरतीवाले तिथे आठवडाभर उतरले होते. मोटार शिकवतात, म्हणाले. जेवताना त्यांनी हे सांगितलं, आबांच्या आणि माझ्या मधे कुठेतरी बघत. भरतीच्या कारकुनाला त्यांनी सांगितलं होतं की देवीला विचारून येतो. कारकून हसला म्हणे. भरतीवाले रविवारी निघणार होते, आणि मधे कौलाचा वार एकच होता, शुक्रवार.

गुरुवारी संध्याकाळी मालक आंघोळ करून, टोपी घालून अंगणात आले आणि परक्या माणसासारखे आबांच्या समोर बसले. "देवीला इचारायचं हाय," म्हणाले. "भरती व्हावं का."

मी दारात होते. आबा आता विचारतील असं मला वाटलं. किती दिवस मनात आहे, घरी कोण काय म्हणतं, मागची सोय काय. मला त्या प्रश्नांची उत्तरं माहीत होती. गेल्या पंधरा दिवसांत, म्हणजे बाजाराला जायच्या आधीपासूनच, मालकांनी देवळाचं दार नवी फळी घालून दुरुस्त केलं होतं. परड्यात दोन पावसाळे पुरतील इतकी लाकडं फोडून, रचून, वर पेंढा घालून ठेवली होती. पूजेचं सगळं माझ्या चुलत्याच्या मुलाला दाखवून दिलं होतं. आबांच्या हिशेबाने हा उजव्याचा माणूस होता.

आबांनी काहीच विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि उठले.

पहाटे चुलीपाशी येऊन त्यांनी मला सांगितलं, "डावा."

"तुमी त्यांना इचारलं न्हाई काय."

"काय इचारायचं? जावई गेलं तर देवीला पानी कुनी घालायचं? मला दिसत न्हाई, पोरी." मग म्हणाले, "आन तुला तरी काय, ऱ्हावं असंच वाटत आसंल की."

ते गेल्यावर मी दोन वाट्या समोर घेऊन बसले. चुलीवर पेज शिजत होती. आबा म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्यांनी राहावं असं मला वाटत होतं. पण डावा दिला तर ते राहतील, आणि जन्मभर त्या निवांत डोंगरावर घंटा वाजवतील, आणि ते माझ्या वाटीमुळे आहे हे फक्त मला माहीत असेल. उजवा दिला तर ते जातील आणि गोळी लागली तर तीही माझ्या वाटीतली. दोन्ही मला नको होतं. लोकांचं ठरवताना माझा हात कधी अडला नव्हता. घरचं ठरवायची वेळ आली आणि मला वाटलं, हे कुणाच्याच अंगावर येऊ नये. देवी बोललीच नाही तर पुढचा वार मंगळवारचा. तोवर भरतीवाले गेलेले असतील. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही, आणि माणूस घरी. हे मला फार हुशारीचं वाटलं.

मी दोन्ही वाट्यांत धुवण भरलं. पेजही जरा जास्तच घातली.

आबांनी कळ्या लावल्या. मालक देवीसमोर मांडी घालून बसले. मी उंबऱ्याबाहेर खांबाशी उभी राहिले. पान खाऊन होण्याइतका वेळ गेला. मग दोन पानांचा गेला. कौलाला आलेली दुसरी दोन माणसं होती, ती कंटाळून गेली. ऊन दाराशी आलं आणि सरकून गेलं. कळ्या सुकून पिवळ्या पडल्या, पण पडल्या नाहीत. शेवटी आबांनी हात पुढे करून दोन्ही कळ्या बोटाने चाचपल्या. मग त्यांनी मान वळवली आणि मी जिथे उभी होते तिथे बरोबर तोंड केलं. त्यांना मी दिसत नव्हते, पण त्यांना कळलं होतं.

"देवी बोलत न्हाई," ते म्हणाले. "मंगळवारी लावू."

"मंगळवारी ती लोकं नसत्याल," मालक म्हणाले.

आबा काठी टेकत घरी गेले. मालक तिथेच बसून राहिले, जेवायला आले नाहीत. दिवस कलल्यावर आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. मी भाकरी वाढली, भात वाढला. ते जेवले. हात धुताना त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

मी म्हटलं, "मला काय कळतंय. देवीनं सांगितलं न्हाई, म्या काय सांगू?"

ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवीला पाणी घातलं, आबांच्या पाया पडले आणि वळकटी घेऊन निघाले. देवी बोलली नाही म्हणजे घरी थांबायचं, असं मी धरून चालले होते. गावातल्या प्रत्येकाने तसंच केलं असतं. मी घागर घेतली, पाण्याला जायचं निमित्त करून त्यांच्या मागोमाग पाणवठ्यापर्यंत गेले. तिथून वाट खाली मार्गासनीला उतरते.

तिथे ते थांबले आणि म्हणाले, "वाट्यांचं मला दोन वर्सं ठावं हाय."

मी घागर खाली ठेवली.

"काल समदी गेल्यावर दोनी वाट्या चाखल्या म्या," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. "आबांनी डावा सांगितला आसंल. ते त्यांचं झालं. पर भरनारी तू. डाव्याला साधं पानी आसतं तर म्या ऱ्हायलो आसतो. उजव्याला आसतं तर हसत गेलो आसतो. म्या देवीला कुठं इचारत हुतो? तुलाच इचारलं की म्या."

मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. रडू यायला हवं होतं, किंवा राग तरी. दोन वर्षं माहीत असून हा माणूस त्या देवीपुढे हात जोडून बसत होता, हे मनात आलं. घागरीला पोचा पडला आहे, हेही दिसलं. नका जाऊ असं म्हणायला तेव्हा काही लागत नव्हतं. तांदूळ लागत नव्हते की वाटी लागत नव्हती.

मी म्हटलं, "सावकाश जावा."

ते सावकाशच गेले. खालच्या वळणापर्यंत जायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. तेवढ्या वेळात हाक मारता आली असती. मी घागर भरली आणि घरी आले.

तीन पत्रं आली. पहिल्यात मोटार चालवायला शिकलो असं होतं. दुसऱ्यात समुद्राचं. तिसऱ्यात वाळू फार आहे, बाकी ठीक, आबांच्या डोळ्यांना जपणे. पत्रं पाटलाच्या घरी वाचली जात, आणि मी ती ऐकून घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवी. मग वर्षभर काही नाही. मग एक सरकारी कागद आला. त्यात मालक बेपत्ता आहेत असं होतं. पाटलाने तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचूनही त्यात तेवढंच होतं.

मी कुंकू लावतच होते. वर्ष झालं तशी बायकांची कुजबूज सुरू झाली. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं का? ओटी भरायची का? आणि हिचा हात लागला आणि ती विधवा निघाली तर? त्यांचंही चुकीचं नव्हतं. शेवटी पाटलीण आमच्याकडे आली आणि आबांना म्हणाली, "देवीलाच इचारा. हाय का न्हाई ते एकदा कळू द्या. पोरीला बी आन आमाला बी."

पाटलाने माझ्या वतीने कौल लावायचं ठरलं. शुक्रवारी पहाटे आबा भिंत धरून चुलीपाशी आले. आता त्यांना उजेड तेवढा कळत होता. त्यांनी उजवा म्हटलं नाही, डावा म्हटलं नाही. "आज तुजं तूच भर," म्हणाले आणि बसून राहिले.

मी उजव्या वाटीत साधं पाणी घेतलं. डाव्या वाटीत धुवण घेतलंच नाही, सगळी पेजच ओतली. ते जिवंत आहेत असं मला वाटत होतं म्हणून नव्हे. तसं मला त्या कागदाच्या दिवसापासून कधीच वाटलं नाही. पण माझी कळी कुठे पडावी हे या वेळी मला माहीत होतं, आणि ते कुणाच्या अंगावर ढकलायचं नव्हतं. हे मी मालकांच्या कौलाच्या शुक्रवारी करायला हवं होतं हेही मला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

उजवी कळी आबांचा हात निघायच्या आधीच पडली. देवळात बसलेली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. पाटलिणीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने तिथेच माझ्या कपाळाला मळवट भरला आणि म्हणाली, किती पटकन बोलली बघ देवी.

घरी येताना आबांनी माझा खांदा धरला होता. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "लई पेज घातलीस."

मी व्हय म्हटलं.

आबांनंतर पूजा भावकीकडे गेली. नवा गुरव दोन्ही कळ्या एकाच तांब्यातल्या पाण्यात बुडवतो. कधी उजवी पडते, कधी डावी. मी त्याला धुवणाचं सांगितलेलं नाही. मालक आले नाहीत. ते येतील असा निरोप नाही, आणि गेले असाही नाही. पण गावाने त्या शुक्रवारनंतर पुन्हा कधी विचारलं नाही. कुणाच्याही घरी लग्न निघालं की हळद दळायला पहिलं बोलावणं मला येतं, आणि मी जाते. नवरी पाया पडायला वाकते तेव्हा तिची आई तिला सांगते, हिच्यासारखं नशीब माग, हिचं कुंकू देवीनं राखलं आहे. मी नवरीच्या डोक्यावर हात ठेवते आणि अखंड सौभाग्यवती हो म्हणते. ते सगळ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणते.